दूषित जमिनीचा धोका मोजताना उरलेली शंका अहवालात कुठे लिहायची?

मृत्तिका

मी गेली सतरा वर्षे माती आणि भूजलाचे नमुने घेण्याचे, आणि त्यांवरून धोक्याचे अहवाल लिहिण्याचे काम करते. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने कळवायची, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर पाहणी करून जागा दूषित आहे की नाही ते ठरवायचे, असा त्यांचा सांगाडा आहे. नियम आले तेव्हा देशात अशा १०३ जागांची नोंद होती आणि प्रत्यक्ष शुद्धीकरण फक्त ७ ठिकाणी सुरू झाले होते. म्हणजे येत्या काळात पुष्कळ अहवाल लिहिले जातील आणि ते ग्रामपंचायती, गृहसंस्था, शेतकरी यांच्या हाती पडतील. ते कसे वाचावेत आणि त्याआधी ते कसे लिहिले जावेत, यासाठी हा धागा काढत आहे.

सुरुवात भोपाळपासून करते. वायुगळतीची २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली रात्र सर्वांना ठाऊक आहे. युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्याच्या आवारातल्या जमिनीची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि वायुगळतीच्या आधी सुरू होते. कारखान्याचे टाकाऊ द्रव आवाराबाहेर उत्तरेकडे, १९७७ मध्ये बांधलेल्या सौर बाष्पीभवन तळ्यांत सोडले जात, आणि आवारातही ठिकठिकाणी रसायने टाकली गेली. ती खाली भूजलापर्यंत पोहोचतील का, आणि पोहोचणार असतील तर केव्हा, हा खरा प्रश्न होता. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) १९९७ च्या अहवालात, वरची काळी माती पाण्याला फारशी वाट देत नाही हे गृहीत धरून, प्रदूषण भूजलापर्यंत जायला सुमारे २३ वर्षे लागतील असा अंदाज दिला. कंपनीने नेमलेल्या आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेने त्याच अंदाजावर अभिप्राय देताना म्हटले की, वाईटात वाईट स्थिती धरली तर हा काळ २ वर्षेच असू शकतो.

२३ आणि २ यांतला फरक कुणाच्या बेरीज-वजाबाकीतल्या चुकीचा नव्हता. एकच जमीन, एकच सूत्र, पण पाणी किती वेगाने मुरते याविषयी दोन वेगळी गृहीतके, एवढाच तो फरक होता. २३ वर्षे ऐकणाऱ्या प्रशासनाला वाटते की वेळ आहे. २ वर्षे ऐकणाऱ्याला आजच्या आज हातपंप बंद करावेसे वाटतात. अहवालाच्या सारांशात ‘२ ते २३ वर्षे, आणि हा पल्ला एवढा मोठा असण्याचे कारण मातीच्या भेगा’ असे एक वाक्य आले असते, तर वाचणाऱ्याला निदान काय विचारायचे ते कळले असते. पुढे १९९९ मध्ये ग्रीनपीसच्या नमुन्यांत आवाराच्या परिसरात पारा आणि क्लोरीनयुक्त सेंद्रिय रसायने सापडली, आणि त्यानंतरच्या तपासण्यांत बाधित वस्त्यांची संख्या वाढतच गेली.

माझ्या कामात मला दोन प्रकारची अनिश्चितता भेटते. त्या दोन्ही एकाच शब्दाखाली ढकलल्या जातात, याचे मला वाईट वाटते. पहिली जमिनीच्या स्वभावातली. दहा पावलांवर माती बदलते, एका कोपऱ्यात पिंप फुटलेले असते आणि दुसऱ्या कोपऱ्यात गवत वाढलेले असते. नमुने वाढवले म्हणून हा फरक नाहीसा होत नाही, तो आपल्याला अधिक चांगला ठाऊक होतो इतकेच. दुसरी अनिश्चितता आपल्या अज्ञानातली आहे. कारखान्यात नक्की काय साठवले होते, जुनी गटारे कुठून जात होती, खालचा खडक कुठे फुटलेला आहे, हे समजलेले नसते, पण शोधले तर समजू शकते. पहिल्या प्रकाराला उत्तर म्हणून सरासरी, विस्तार आणि मर्यादा द्याव्या लागतात. दुसऱ्याला उत्तर म्हणून पुन्हा जागेवर जावे लागते, जुन्या कामगारांशी बोलावे लागते. दुसऱ्या प्रकारचे अज्ञान पहिल्या प्रकारच्या संख्याशास्त्राने झाकले गेले की अहवाल देखणा दिसतो आणि चुकतो.

कपाशीचे_रान

मृत्तिकाताई, मी जमिनीचा शास्त्रज्ञ नाही, यवतमाळकडचा शेतकरी आहे. काळी माती पाण्याला वाट देत नाही, हे वाक्य वाचून थांबलो. आमच्या रानात चैत्र-वैशाखात अशा भेगा पडतात की बैलाचा पाय अडकतो, आणि तुरीची काठी आत सोडली तर कमरेइतकी खाली जाते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडतो तेव्हा पाणी वर साचत नाही, ते भेगांतून थेट खाली उतरते. माती भिजून फुगली, भेगा मिटल्या, की मग मात्र तीच जमीन पाणी धरून ठेवते आणि वरचे पाणी वाहून जाऊ लागते. म्हणजे जमीन तीच असली तरी जूनच्या पहिल्या आठवड्यात ती चाळणी असते आणि ऑगस्टमध्ये परात. नमुना कोणत्या महिन्यात घेतला होता, हे अहवालात लिहितात का?

मृत्तिका

दादा, तुम्ही जे लिहिले आहे ते या धाग्याचे मर्म आहे. प्रयोगशाळेत पारगम्यता मोजताना बहुधा मुठीएवढा नमुना घेतात, तो पाण्याने पूर्ण भिजवतात आणि मग त्यातून पाणी किती वेगाने जाते ते पाहतात. भिजवल्यावर भेग मिटते, आणि मुठीएवढ्या ढेकळात मोठी भेग येतच नाही. त्यामुळे मिळणारा आकडा त्या ढेकळापुरता खरा असतो, आणि तुमच्या रानाबद्दल तो काहीच सांगत नाही. जागेवर खड्डा खणून त्यात पाणी ओतून केलेली चाचणी अधिक विश्वासार्ह असते, तीही उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या मध्यावर अशी दोनदा केली तर.

भोपाळच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जोडायला हवी. तिथे सापडलेल्या रसायनांत डायक्लोरोबेंझीनसारखी द्रव्ये आहेत. ती पाण्यापेक्षा जड असतात. ती पाण्याबरोबर वाहण्याची वाट पाहत नाहीत, भेगेतून, जुन्या विहिरीच्या कडेने, नळाच्या चरातून स्वतःच्या वजनाने खाली उतरतात आणि घट्ट थरावर साचून राहतात. पाणी किती वर्षांत पोहोचेल याचे सूत्र अशा द्रव्याला लावणे, हीच मुळात गृहीतकातली चूक ठरते.

महिन्याबद्दल विचारलेत. तारीख लिहिलेली असते, पण ती परिशिष्टात असते, आणि निष्कर्षात तिचा उल्लेख क्वचित येतो. नव्या नियमांतल्या ९० दिवसांच्या दोन टप्प्यांविषयी मला हीच काळजी आहे. ऑक्टोबरमध्ये माहिती कळवली गेली तर सगळी तपासणी मार्चअखेर संपेल आणि भेगा उघड्या असतानाचा पहिला पाऊस त्या अहवालाने पाहिलेलाच नसेल. मुदत असावी, ती चांगलीच आहे. पण कोणता ऋतू पाहायचा राहिला, हे निष्कर्षाच्या शेजारी लिहिले गेले पाहिजे.

आकडेशास्त्री

नमुन्यांच्या संख्येविषयी लिहितो, कारण तिथे अनिश्चितता अक्षरशः मोजता येते आणि तरीही ती फारशी मोजली जात नाही.

एक हेक्टर जागेवर २५ मीटरच्या चौकोनी जाळीने नमुने घेतले तर १६ ठिकाणे होतात. अनेक लहान प्रकल्पांत एवढेच घेतले जातात. आता समजा, जुन्या टाकीच्या गळतीमुळे १० मीटर व्यासाचा एक गोल तुकडा दूषित झाला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७९ चौरस मीटर, आणि जाळीच्या एका घराचे ६२५. म्हणजे एखादा नमुना त्या तुकड्यावर पडण्याची शक्यता १३ टक्क्यांहून थोडी कमी, आठांत एकदा. तुकडा २० मीटर व्यासाचा असला तरी ती ५० टक्केच होते. तोच १० मीटरचा तुकडा सुमारे ९५ टक्के खात्रीने सापडायला हवा असेल, तर जाळी साडेआठ मीटरची करावी लागते आणि हेक्टरी जवळजवळ १४० नमुने घ्यावे लागतात. एवढा खर्च प्रत्येक जागेवर परवडणार नाही हे मान्य आहे. पण मग ‘जागेवर दूषित तुकडे आढळले नाहीत’ असे लिहू नये. ‘या जाळीने १० मीटरचा तुकडा आठांत सात वेळा सुटला असता’ असे लिहावे. दोन्ही वाक्ये त्याच १६ नमुन्यांवर आधारलेली आहेत.

दुसरी गोष्ट मिश्र नमुन्याची. पाच ठिकाणची माती एकत्र कालवून एकच चाचणी केली की पैसे वाचतात. किलोभर मातीत चार ठिकाणी ५ आणि पाचव्या ठिकाणी २०० मिलिग्रॅम रसायन असेल तर मिश्रणाचा आकडा ४४ येतो. मर्यादा ५० असेल तर पाचही ठिकाणे उत्तीर्ण. पूर्ण जागेची सरासरी हवी असेल तेव्हा मिश्र नमुना उपयोगी आहे, पण तुकडा शोधायचा असेल तेव्हा तोच नमुना तुकडा लपवतो.

तिसरी गोष्ट ‘बीडीएल’ या तीन अक्षरांची. प्रयोगशाळेच्या शोधमर्यादेखाली, म्हणजे यंत्राला ओळखता येते त्याहून कमी, एवढाच त्याचा अर्थ आहे. बेरीज करताना त्याचे काय करायचे? दहा नमुने घेतले, शोधमर्यादा २ होती, सात नमुने बीडीएल आले आणि उरलेले ३, ४ आणि ९ आले असे समजा. बीडीएलच्या जागी शून्य धरले तर सरासरी १.६ येते, निम्मे म्हणजे १ धरले तर २.३ आणि पूर्ण २ धरले तर ३. मार्गदर्शक पातळी २ असेल तर जागा स्वच्छ की दूषित, हे मातीने ठरवलेले नसते, ते तक्ता भरणाऱ्याच्या सवयीने ठरते. याला संख्याशास्त्रात अधिक चांगले उपाय आहेत, पण तेही न वापरता निदान तिन्ही आकडे छापले तरी वाचणाऱ्याला परिस्थिती कळेल.

नवे_घर

मी हा धागा फार काळजीने वाचत आहे. ठाणे पट्ट्यात जुन्या रासायनिक कारखान्याच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या संकुलात आम्ही घर नोंदवले आहे. विचारणा केल्यावर आम्हाला दोन पानी पत्र मिळाले. त्यात ‘मातीचे सर्व निकष मर्यादेत आहेत’ असे एक वाक्य आहे आणि खाली सही-शिक्का आहे. माझी मुलगी तीन वर्षांची आहे. मला कुणावर आरोप करायचा नाही. मला एवढेच समजून घ्यायचे आहे की मी नेमके काय मागावे.

मृत्तिका

तुम्ही प्रश्न विचारलात हे फार योग्य केलेत. आधी एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी एका जागेचा अहवाल माझ्याकडे तपासायला आला होता. एका द्रावकाच्या (सॉल्व्हंटच्या) सगळ्या नमुन्यांपुढे बीडीएल लिहिले होते आणि निष्कर्षात ‘आढळले नाही’ असे होते. प्रयोगशाळेकडून मूळ पाने मागवली तेव्हा दिसले की त्या दिवशी यंत्राची शोधमर्यादा मार्गदर्शक पातळीच्या चौपट होती. म्हणजे पातळीच्या तिप्पट प्रदूषण असते तरी निकाल बीडीएलच आला असता. कुणी खोटे लिहिले नव्हते. प्रत्येक टप्प्यावर एकेक रकाना गळत गेला होता. मीही आधीच्या एका अहवालात तो रकाना वगळला होता, हे त्या दिवशी घरी जाऊन तपासल्यावर लक्षात आले, आणि तेव्हापासून मी कोणत्याही तक्त्यात तो सोडत नाही.

म्हणून पत्र नको, मूळ अहवाल मागा. त्यात नमुन्यांच्या ठिकाणांचा नकाशा आणि कारखान्याचा जुना नकाशा एकमेकांवर ठेवून पाहा. टाक्या, कोठारे, गटारे, ट्रान्सफॉर्मर जिथे होते तिथे नमुने घेतले आहेत का, की फक्त मोकळ्या मैदानात, हे तुम्हाला स्वतःला दिसेल. नमुने किती खोलीवरचे आहेत ते पाहा, कारण वरचा भराव बाहेरून आणलेला असेल तर वरच्या अर्ध्या मीटरची चाचणी त्या भरावाची होते, जागेची नव्हे. प्रत्येक रसायनापुढे शोधमर्यादा आणि तुलनेची पातळी शेजारी-शेजारी आहेत का आणि ती पातळी निवासी वापरासाठीची आहे की औद्योगिक, हे विचारा. तळघरात वाहनतळ असेल तर मातीतल्या वाफेची तपासणी झाली का, हेही विचारा. क्लोरीनयुक्त द्रावकांची वाफ जमिनीतून इमारतीत शिरते, आणि तिचे प्रमाण ऋतू, हवेचा दाब आणि खेळती हवा यांप्रमाणे बदलते. एका दुपारी केलेली एक चाचणी त्यासाठी पुरत नाही.

विषविचार

मी विषशास्त्र शिकवते. आतापर्यंतची चर्चा जमिनीत किती आहे याची झाली. शरीरात किती गेले तर किती बाधते, यातली अनिश्चितता त्याहून मोठी असते, आणि तिचे उदाहरण म्हणून कोडाईकनालकडे पाहावे. तिथला पाऱ्याच्या तापमापकांचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला. २००३ मध्ये तिथला पारायुक्त कचरा शुद्धीकरणासाठी अमेरिकेला पाठवला गेला, पण आवारातली माती उरली, आणि उताराखाली पांबर शोला हे जंगल आहे. माती किती स्वच्छ करायची यासाठी किलोला २० मिलिग्रॅम पारा ही पातळी धरली गेली, नीरीचे काम त्यामागेही होते, आणि ती फार सैल आहे असा आक्षेप स्थानिकांनी आणि पर्यावरण कार्यकर्त्यांनी सातत्याने घेतला.

२० हा आकडा कसा पेलतो ते आपणच करून पाहू. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या पद्धतीत लहान मूल दिवसाला २०० मिलिग्रॅम माती गिळते असे धरतात, हात तोंडात जाण्यातून, खेळण्यातून. किलोला २० मिलिग्रॅम पारा असलेली एवढी माती म्हणजे ०.००४ मिलिग्रॅम पारा. मूल १५ किलोचे असेल तर वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.०००२७ मिलिग्रॅम. मर्क्युरिक क्लोराइड या पाऱ्याच्या संयुगासाठी त्याच संस्थेची संदर्भमात्रा, म्हणजे रोज शरीरात गेली तरी बाधू नये अशी धरलेली मात्रा, आहे ०.०००३. म्हणजे आपण मर्यादेच्या आत, पण मर्यादेच्या नव्वद टक्क्यांवर उभे आहोत. आता २०० ऐवजी ४०० मिलिग्रॅम धरा, कारण आपल्याकडची मुले मातीच्या अंगणात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर रांगतात. आकडा मर्यादेच्या पावणेदोनपट होतो. यात भाजी, मासे, श्वासातली वाफ काहीच धरलेले नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. मातीतला सगळा पारा आतड्यात शोषला जात नाही, आणि संदर्भमात्रा ठरवताना उंदरांवरील प्रयोगांपासून माणसापर्यंत येण्यासाठी १००० चा सुरक्षा-भाजक लावलेला आहे. म्हणजे ०.०००३ ओलांडताच आजार होतो असे नाही, आणि त्याच्या आत अभय आहे असेही नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पारा कोणत्या रूपात आहे. ब्रिटनमध्ये २००९ साली निवासी जमिनीसाठी दिलेली मार्गदर्शक मूल्ये मूलद्रव्यरूप पाऱ्याला किलोला १ मिलिग्रॅम, असेंद्रिय संयुगांना १७० आणि मिथाइल पाऱ्याला ११ अशी होती. मूलद्रव्यरूप पारा वाफ होऊन घरात शिरतो म्हणून त्याचा आकडा इतका खाली आहे. तेव्हा ‘२० हा आकडा सुरक्षित आहे का’ या प्रश्नाला, पाऱ्याचे रूप सांगितल्याशिवाय, कुणीही प्रामाणिकपणे हो किंवा नाही म्हणू शकत नाही. एकूण पारा मोजून थांबलेला अहवाल माझ्या मते अपुरा आहे, मग त्यात नमुने कितीही असोत.

प्रकल्प_अभियंता

सर्वांचे मुद्दे मान्य करूनही एक विरोधी मत मांडतो. मी शुद्धीकरणाच्या कामांवर राहिलो आहे. अनिश्चितता नोंदवा म्हटले की जबाबदार पक्ष पहिली मागणी करतो ती आणखी एका अभ्यासाची. भोपाळमध्ये नीरी आणि राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांच्या २०१० च्या अहवालाने दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन दिला. त्यानंतर अहवालांवर अहवाल झाले. २०२५ मध्ये पीथमपूरला नेऊन जाळला गेला तो आवारात गोळा करून ठेवलेला ३३७ टन कचरा. माती आणि भूजल जागच्या जागीच राहिले. शंका जितकी सविस्तर लिहाल तितकी ती टाळाटाळीच्या कामी येते. त्यापेक्षा अभियंत्याने सावध, वाईटात वाईट स्थितीचा आकडा धरावा आणि खोदायला सुरुवात करावी, असे मला वाटते.

मृत्तिका

तुमचा राग मला समजतो, आणि तो रास्त आहे. शंकेचा असा वापर मीही पाहिला आहे. पण शंका न लिहिल्याने तो थांबत नाही. भोपाळमध्ये २३ वर्षांचा आकडा शंकेविना मांडला गेला आणि त्यानेही वेळच गेला. माझे म्हणणे असे की प्रत्येक शंकेपुढे दोन गोष्टी लिहायच्या. तिचे उत्तर काहीही आले तरी कोणती कृती बदलत नाही, आणि कोणती बदलते.

भोपाळमध्ये प्रदूषण २ वर्षांत पोहोचो वा २३, आवाराला कुंपण घालणे, उघड्यावरचा कचरा झाकणे, हातपंप बंद करून नळाचे पाणी देणे, यांतली एकही गोष्ट त्या उत्तरावर अवलंबून नव्हती. तरी वस्त्यांना स्वच्छ पाणी देण्यासाठी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, आणि पुढे लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेच्या तपासण्यांनंतर बाधित वस्त्यांची संख्या ४२ वर गेली. ज्या वस्त्या आधीच्या यादीत नव्हत्या, तिथली माणसे मधल्या वर्षांत तेच पाणी पीत होती. ‘अद्याप तपासले नाही’ याचा अर्थ कागदावर ‘बाधित नाही’ असा झाला, त्याची ही किंमत आहे. म्हणून यादीत दोन नव्हे, तीन रकाने हवेत: बाधित, बाधित नाही आणि न तपासलेले. तिसऱ्या रकान्यातल्या माणसांना पाणी पहिल्या रकान्यासारखेच द्यावे.

याउलट ११ लाख टन माती खोदायची, जागीच बंदिस्त करायची की भूजल उपसून शुद्ध करायचे, हे जड द्रव्य किती खोल उतरले आहे यावर अवलंबून आहे. इथे आणखी काही खोल विंधणांचा खर्च सार्थ ठरतो, कारण त्यांच्या उत्तराने निर्णय बदलेल. सावध आकडा धरून खोदायला लागलो आणि घट्ट थर फुटला, तर वरचे प्रदूषण आपल्याच हाताने खालच्या पाण्यात जाईल. खोदण्यातही धोका असतो, तोही त्याच तराजूत घातला पाहिजे. उत्तराने निर्णय बदलणार नसेल असा अभ्यास मात्र नाकारावा, आणि नाकारण्याचे कारण लिहावे. हे अभियंत्याने नाही लिहिले तर कोण लिहिणार?

प्रकल्प_अभियंता

घट्ट थर फुटण्याचा मुद्दा मान्य. आमच्या एका जागेवर खांबांच्या पायासाठी घेतलेल्या विंधणांनी नेमके हेच झाले होते, आणि ते आम्हाला खालच्या विहिरीला वास येऊ लागल्यावर कळले. तीन रकान्यांची यादी मी पुढच्या कामात वापरून पाहतो.

नवे_घर

तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे. आम्ही अकरा कुटुंबांनी मिळून मूळ अहवाल मागितला आणि तो मिळाला. नमुने नऊ आहेत, सगळे जानेवारीतले, आणि जुन्या नकाशात जिथे द्रावकांचे कोठार दाखवले आहे तिथे एकही नाही. शोधमर्यादेचा रकाना तक्त्यात नाही. आम्ही प्रयोगशाळेची मूळ पाने, कोठाराच्या जागी तीन खोल नमुने आणि वाफेची दोन ऋतूंतली तपासणी अशी लेखी मागणी केली आहे. विकासकाच्या अभियंत्याने पहिल्या दोन गोष्टी मान्य केल्या, तिसरीवर बोलणे चालू आहे. कोठाराच्या जागेवरचे विंधण येत्या मंगळवारी आहे आणि आमच्यातले दोघे तिथे उभे राहणार आहेत. मातीचा वास, रंग आणि खोली वहीत कशी लिहायची, हे कुणी सांगितले तर आम्ही ती वही तयार करून घेऊन जाऊ.

मृत्तिका

वहीत दर अर्ध्या मीटरला एक ओळ ठेवा. खोली, रंग, ओल, तेलकटपणा, आणि माती भराव आहे की मूळची. वास मुद्दाम नाकाशी नेऊन घेऊ नका, उभ्या जागी आला तर तेवढा लिहा. प्रत्येक ओळीशेजारी फोटो घ्या, त्यात मोजपट्टी दिसू द्या. नमुना बाटलीत भरताना वेळ लिहा आणि बाटली बर्फाच्या पेटीत किती वाजता गेली तेही लिहा, कारण द्रावकाची वाफ उघड्या बाटलीतून उडून जाते आणि मग प्रयोगशाळेचा आकडा कमी येतो. विंधण ठरलेल्या खोलीआधी थांबले, तर का थांबले ते त्याच वेळी विचारून लिहा. सोमवारी रात्रीपर्यंत मी वहीचे एक कोरे पान इथे टाकते.